पुण्याहून गणपतीपुळे: भाड्याची इलेक्ट्रिक गाडी आणि आईंची वही

माझ्या सासूबाईंना डिसेंबर २०२५ मध्ये ७५ वर्षं पूर्ण झाली. काय हवं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "साडी नको, जेवणावळ नको. गणपतीपुळ्याला न्या. डोंगराची प्रदक्षिणा एकदा पायी करायची आहे." सोबत त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, येणार हेही त्यांनीच ठरवून टाकलं. आई, मावशी, आम्ही दोघं आणि लेक अशी पाच माणसं झाली. आमची गाडी छोटी आणि १३ वर्षांची. तिच्या मागच्या सीटवर गुडघे दुखणाऱ्या दोन बायकांना नऊ तास बसवणं मला पटेना, म्हणून चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची ठरली.

भाड्याच्या यादीत एकच मॉडेल दोन रूपांत होतं, पेट्रोल नेक्सॉन आणि ४५ युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक नेक्सॉन. पुढच्या वर्षी आम्हाला घरची गाडी बदलायची आहे आणि तेव्हा हाच प्रश्न परत येणार. मी नवऱ्याला म्हटलं, चार दिवस घरची असल्यासारखी वापरून बघू. तो पेट्रोलच्या बाजूचा होता, तेही घाटाच्या आणि वयस्क माणसांच्या काळजीपोटी. मग २० नोव्हेंबरला रात्री जेवणं झाल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो.

आईंनी पोस्टात ३१ वर्षं नोकरी केली आहे. पावत्या, तारखा आणि बेरजा यांच्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी शंभर पानी वही आणली, मधोमध रेघ मारली, एकीकडे "पेट्रोल" आणि दुसरीकडे "वीज" लिहिलं. या लेखातले आकडे त्या वहीतले आहेत.

पहिला अंदाज सोपा होता. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ९०० किलोमीटर धरले. मागच्या वर्षी हीच पेट्रोल गाडी घेऊन तारकर्लीला गेलो होतो, तेव्हा लिटरला १५ च्या आतबाहेर पडलं होतं. म्हणजे ६० लिटर. पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, म्हणून ६,२४० रुपये. विजेसाठी आमच्या सोसायटीत हीच गाडी वापरणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, हायवेला एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरा, जास्त नको. भरलेल्या बॅटरीवर २८० ते ३०० किलोमीटर. (जाहिरातीतला पल्ला चाचणीत मोजलेला असतो आणि याहून बराच मोठा दिसतो. तो धरून प्रवास आखू नका.) ९०० ला साडेसहाने भागलं की साधारण १३८ युनिट. हायवेवरच्या चार्जरला १८ टक्के जीएसटी धरून सरासरी २२ रुपये युनिट मांडले, तर ३,०४६ रुपये.

नवऱ्याने आकडा बघितला आणि तिथेच थांबायला निघाला. आई म्हणाल्या, "भाडं कुठे लिहिलंस?"

बहुतेक जण इथेच हिशोब अर्धा सोडतात. ९६ तासांचं भाडं पेट्रोल गाडीला १०,४०० आणि इलेक्ट्रिकला ११,६०० होतं, दोन्हीला हजार किलोमीटरची मर्यादा. फरक १,२०० रुपये. आमच्या अंदाजाप्रमाणे विजेवर किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचणार होते. म्हणजे भाड्यातला फरकच भरून निघायला साधारण ३४० किलोमीटर गाडी पळायला हवी. चार दिवसांसाठी गाडी घेऊन पानशेत, सिंहगड आणि नातेवाइकांकडे मिळून अडीचशे किलोमीटर फिरणार असाल, तर पेट्रोलचीच गाडी स्वस्त पडेल. तुमच्या शहरात भाडं वेगळं असेल, पण हा भागाकार आधी करा.

टोलचंही तेव्हाच बघितलं. राज्य सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला ही बातमी घरात सगळ्यांनी वाचली होती. ती माफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी आहे. पुणे-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग ४८, इथे ती लागू नाही. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, सगळीकडे टोल द्यावाच लागतो. वार्षिक फास्टॅग पासही भाड्याच्या गाडीला चालत नाही, तो खासगी वापराच्या गाड्यांपुरता आहे. टोल दोन्ही गाड्यांना सारखाच, म्हणून तो तुलनेतून वगळला.

कागदपत्रं

२२ नोव्हेंबरला बुकिंग करायला बसले आणि पहिली अडचण आली. माझं लायसन्स माहेरच्या नावावर आहे, आधार सासरच्या नावावर. भाड्याच्या कंपनीच्या यंत्रणेने दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून माझी नोंदणी नाकारली. डिजिलॉकरमधून कागद पाठवले तरी तेच. फोनवर तीन वेळा तीन वेगळ्या व्यक्तींना पहिल्यापासून सांगितलं. २४ तारखेला एकीने सांगितलं की विवाह नोंदणीचा दाखला ईमेलने पाठवा, माणूस तपासेल. तो पाठवला आणि २६ तारखेला उत्तर आलं की मुख्य बुकिंग नवऱ्याच्या नावावर करा, तुम्हाला दुसरी चालक म्हणून जोडतो. पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मला खरंच वाईट वाटत होतं, कारण २० वर्षं गाडी चालवतेय आणि कागदावर मी कुणीच नव्हते. ज्यांची नावं अशी दोन आहेत त्यांनी बुकिंग प्रवासाच्या तीन आठवडे आधी सुरू करावं आणि विवाह नोंदणीचा दाखला स्कॅन करून फोनमध्ये ठेवावा. दुसऱ्या चालकाची नोंद नसताना त्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा अडू शकतो. त्यामुळे "कोण बघतंय" म्हणून सोडून देऊ नका.

अनामत रक्कम ५,००० रुपये भरली. शिवाय मी एक प्रश्न फोनवर विचारून त्याचं उत्तर लेखी मागवलं: घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर गाडीसोबत मिळणार का? मिळेल, पण त्याची वेगळी अनामत २,००० रुपये, असं उत्तर आलं. तो चार्जर नसता तर ही सहल वेगळीच झाली असती.

मग गणपतीपुळ्याच्या घरगुती निवासाच्या काकांना फोन केला. गाडी रात्री सॉकेटला लावू द्याल का? काका म्हणाले, "लावा की. गिझरचा सॉकेट आहे मागच्या पडवीत. युनिटमागे १५ रुपये द्या." सबमीटर होता, म्हणून दोन्ही बाजूंना संकोच नव्हता.

चार्जरसाठी फोनमध्ये तीन कंपन्यांची ॲप घेतली, कारण रस्त्यावर सगळीकडे एकच कंपनी नाही. प्रत्येकात आधी पैसे भरावे लागतात. नवऱ्याने कागदावर सोपा नियम लिहिला: एक टक्का म्हणजे तीन किलोमीटर, आणि २५ टक्क्यांच्या खाली जायचं नाही. प्रत्येक थांब्यासाठी पुढे ३० किलोमीटरच्या आत दुसरा चार्जर कोणता, तेही लिहिलं.

जाताना

११ डिसेंबरला, गुरुवारी रात्री ९ वाजता गाडी ताब्यात घेतली. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. भाड्याची पेट्रोल गाडी असती तर काळ्या पाटीवर पिवळी असती. बॅटरी ९३ टक्के. जितकी दिली तितकीच परत करायची, कमी भरली तर टक्क्यामागे १५ रुपये. टक्क्यांचा आकडा आणि एकूण किलोमीटर यांचा फोटो काढला, चारी बाजूंनी गाडीचा व्हिडिओ केला. पोर्टेबल चार्जर डिकीत नव्हता. मागितल्यावर आतून आणून दिला. तो तिथेच पाच मिनिटं सॉकेटला लावून बघितला. घरी पोचेपर्यंत ८९ टक्के झाले.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे मावशी पहिली दहा मिनिटं "चालू झाली का?" विचारत होत्या. खंबाटकीला जाताना घाट चढावा लागला, येताना बोगदा होता. चढणीवर टक्के भराभर उतरताना बघून माझ्या पोटात गोळा आला. पलीकडे उतारावर आकडा तसाच राहिला तेव्हा जरा श्वास घेतला. साताऱ्याच्या पुढे, १२८ किलोमीटरवर पहिला थांबा होता. तिथे पोचलो तेव्हा ४४ टक्के उरले होते. म्हणजे ४५ टक्क्यांत १२८ किलोमीटर, आमच्या नियमाहून थोडं कमीच.

तिथे आमच्या आधी एक गाडी लागलेली होती. २५ मिनिटं थांबलो, मग ४० मिनिटं चार्जिंग. ४४ वरून ९० टक्के, २२.६ युनिट, जीएसटीसकट २३ रुपये ६० पैसे दराने ५३३ रुपये. पोहे, चहा, आई-मावशींचं पाय मोकळे करणं यात अर्धा तास तसाही गेला असता. आईंनी वहीत पैशांच्या शेजारी तिसरा रकाना पाडला, "वेळ", आणि लिहिलं: एकूण ६५ मिनिटं, पैकी जास्तीची ३५. हा रकाना आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

कोल्हापूरला पावणेअकराला ५७ टक्क्यांवर पोचलो. इथे पहिला धक्का बसला. ॲपमध्ये "उपलब्ध" दाखवणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता. पडद्यावर अक्षरं दिसत होती, चार्जरची बंदूक (गाडीला लावायचं टोक) लावली की काही होत नव्हतं. मदतीच्या नंबरवरचा मुलगा नम्र होता, त्याने दोनदा चार्जर दुरून चालू-बंद केला, उपयोग झाला नाही. ऊन वाढलं होतं, मावशींना औषध घेऊन जेवायचं होतं आणि नवरा एक शब्दही बोलत नव्हता. ते न बोलणं मला फार लागलं. ३५ मिनिटं गेली. यादीतला दुसरा चार्जर सहा किलोमीटरवर होता, तो चालू निघाला. ५५ वरून ९२ टक्के, १७.८ युनिट, २१ रुपये २४ पैसे दराने ३७८ रुपये. त्या ४५ मिनिटांत शेजारीच जेवलो. शुक्रवार असल्याने अंबाबाईला मोठी रांग असणार, म्हणून आईंनी तिथूनच हात जोडले.

एक शिकलो. ॲपवर "उपलब्ध" एवढं पुरेसं नाही. त्याच चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं हे काही ॲपमध्ये दिसतं, ते बघा. दोन दिवसांत कुणीच वापरला नसेल तर संशय घ्या. नाहीतर तिथल्या हॉटेलला फोन करा. आम्ही येताना तेच केलं.

मलकापूर सोडून आंबा घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा ७१ टक्के होते. उतारावर ब्रेकला पाय जवळजवळ लागतच नाही. पाय उचलला की गाडी स्वतःच वेग धरून ठेवते आणि ती ताकद बॅटरीत परत जाते. साखरप्याला ७२ टक्के झाले होते. बारा किलोमीटर चालून एक टक्का वाढला. लेकीने टाळ्या वाजवल्या आणि नवरा कोल्हापूरनंतर पहिल्यांदा हसला. पाली, हातखंबा, निवळी करत सव्वाचारला गणपतीपुळ्यात पोचलो, ३८१ किलोमीटर, शिल्लक ४८ टक्के.

पडवीतला सॉकेट

संध्याकाळी दर्शन घेऊन आलो आणि पडवीत पोर्टेबल चार्जर लावला. लाल दिवा. काढून परत लावला. लाल. काकांचा गिझर त्याच सॉकेटवर रोज चालतो, मग आमचं काय चुकतंय कळेना. शेजाऱ्यांना पुण्याला फोन केला तर ते लगेच म्हणाले, अर्थिंग नसणार. गिझर, इस्त्री, मिक्सर अर्थिंगशिवायही चालतात म्हणून जुन्या घरांत ते गेलेलं कुणाला समजत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घेतच नाही. ती रात्र फुकट गेली. ४८ टक्क्यांत परतीचा घाट होणार नाही हे दिसत होतं. मला नीट झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी काकांनी वाडीतला वायरमन बोलावला. त्याने टेस्टरने बघितलं आणि म्हणाला, "वैनी, अर्थिंग मेलंय. न्यूट्रलला तुकडा जोडून देतो, दोन मिनिटांत चालू होईल." हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हा उपाय तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडले की चार्जर फसतो आणि हिरवा दिवा लागतो. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो. अंगणात लहान मुलं खेळत होती. मी त्याला म्हटलं, दादा, वेळ लागू दे, पैसे जास्त घ्या, पण खरं अर्थिंग करून द्या. तो चिडला नाही. परसात जाऊन त्याने जुना खड्डा शोधला. पाइपला जोडलेली तार गंजून तुटली होती. नवी तार टाकली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून दोन कळशा पाणी ओतलं, सॉकेटपर्यंतचा जोड तपासला. दीड तास लागला, ४५० रुपये झाले. काका पैसे घेईनात. "घर माझं, अर्थिंग माझं," म्हणाले. शेवटी तार आम्ही दिली आणि मजुरी त्यांनी. आमच्याकडे १८० रुपये लागले.

दुपारी उकडीच्या मोदकांचं जेवण झालं. मग मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आणि जयगडचा किल्ला बघून आलो, ४४ किलोमीटर, १३ टक्के. त्याआधी सकाळीच, वायरमन काम करत असताना, आईंनी प्रदक्षिणा पूर्ण केली होती. किलोमीटरभराची वाट त्यांनी न थांबता चालली. मी सोबत नव्हते, अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उभी होते. ही हळहळ मनात आहेच.

रात्री ९ वाजता ३५ टक्क्यांवर गाडी लावली. हिरवा दिवा. मध्यरात्री पाऊण तास वीज गेली, आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झालं. सकाळी सातला ९२ टक्के. सबमीटरवर २९ युनिट, ४३५ रुपये. बॅटरीत गेले त्याहून तीन-साडेतीन युनिट जास्त भरले, तेवढं वाटेत उष्णतेत जातं. हिशोब मांडताना तेरा-चौदा टक्के वर धरा. सॉकेट १५ अँपिअरचाच हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. पहिल्या तासात प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बंद करा.

रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी, टिळकांचं जन्मस्थान, मग पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. ९८ किलोमीटर, ३१ टक्के. गाडी रोज सकाळी भरलेली असली की टक्क्यांकडे लक्षच जात नाही, आम्ही फक्त समुद्र बघत होतो. रात्री परत लावली, ६१ वरून १०० टक्के, २० युनिट, ३०० रुपये.

येताना

सोमवारी पहाटे सहाला निघालो. साखरप्याला ७७ टक्के, आंबा घाट चढून वर आलो तेव्हा ६६. उतरताना एक टक्का देणाऱ्या त्याच बारा किलोमीटरनी चढताना ११ घेतले. मलकापूरहून कोल्हापूरला न जाता कोकरूडमार्गे कराड गाठलं. (कराडलाही एक मलकापूर आहे. नकाशात नाव टाकताना शाहूवाडीचं की कराडचं ते बघून टाका.) १६५ किलोमीटरनंतर ४० टक्के. आधीच फोन करून विचारलं होतं, चार्जर चालू होता, पुढे कुणी नव्हतं. जेवणासकट ४५ मिनिटं, ८८ टक्के, २३.२ युनिट, ५४८ रुपये.

पुण्यात पोचलो, आई-मावशींना आणि लेकीला घरी सोडलं, तेव्हा ३३ टक्के होते. गाडी रात्री नऊपर्यंत द्यायची होती आणि ९३ टक्के भरून द्यायची होती. संध्याकाळी सहा ते नऊ शहरातल्या चार्जरवर टॅक्सीवाल्यांची गर्दी असते, हे आम्हाला माहीत नव्हतं. बराच वेळ रांगेत गेला. मग ८१ टक्क्यांवर थांबवलं, कारण ८० च्या पुढे वेग इतका मंदावतो की उरलेल्या बारा टक्क्यांना आणखी अर्धा तास लागला असता आणि उशिराचा दंड तासाला ३०० रुपये होता. २३ युनिट, ४८९ रुपये. ऑफिसात पोचेपर्यंत ८० टक्के. कमी भरलेल्या १३ टक्क्यांचे १९५ रुपये कापले. ते टक्क्याला १५ म्हणजे युनिटला ३३ रुपये पडतात, महाग आहे, पण त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. पुन्हा जाईन तेव्हा परत करायची वेळ रात्रीऐवजी दुपारी दोनची घेईन.

वहीतलं शेवटचं पान

एकूण ८७७ किलोमीटर. वीज १३५.६ युनिट, कापलेले टक्के धरून २,८७८ रुपये. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये २८ पैसे. तारकर्लीची अचूक सरासरी १४.६ होती, त्या हिशोबाने हेच अंतर पेट्रोलवर ६० लिटर, ६,२४० रुपये, किलोमीटरला ७ रुपये १२ पैसे. फरक ३,३६२. त्यातून भाड्यातला फरक १,२०० आणि अर्थिंगच्या तारेचे १८० गेले की हातात १,९८२ रुपये उरले. तिन्ही ॲपमध्ये मिळून ४५२ रुपये अडकून आहेत. आईंनी ते खर्चात धरले नाहीत, "येणे" म्हणून खाली लिहिले. वॉलेटमध्ये लागेल तेवढंच, शे-दोनशेच्या पटीत भरा.

वेळेच्या रकान्यात जास्तीची २ तास ५५ मिनिटं आहेत. जाताना ३५ सातारच्या पुढे, ३५ कोल्हापुरात शोधाशोध, १५ येताना कराडला, आणि पुण्यात रांग व चार्जिंग मिळून दीड तास. नवऱ्याचं म्हणणं, पाच माणसांचे तीन तास दोन हजारांना विकले. मला ते तसं वाटत नाही, कारण त्यातला अर्धा वेळ पुण्यात गेला, जेव्हा बाकीचे तिघं घरी पोचले होते. पण त्याचा मुद्दा मी वहीत लिहू दिला.

घरगुती निवासाच्या सॉकेटने पैसे फारसे वाचवले नाहीत हेही बेरजेत दिसलं. तेच ४९ युनिट रत्नागिरीच्या जलद चार्जरवर घेतले असते तर चारशेच्या आसपास जास्त गेले असते, एवढंच. वाचला तो वेळ. दोन रात्री गाडी भरत असताना आम्ही झोपलो होतो. म्हणून राहण्याची जागा ठरवताना खोलीच्या फोटोंबरोबर सॉकेटचा फोटो मागवा आणि त्या सॉकेटवर आजवर कुठली इलेक्ट्रिक गाडी चार्ज झाली आहे का, हे विचारा. नसेल तर अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. आम्ही दर विचारला, अर्थिंग विचारलं नाही, आणि एक रात्र गेली.

चार्जरची २,००० अनामत जागेवर मिळाली. ५,००० मधून टोल कापून उरलेले २४ डिसेंबरला खात्यात आले. आईंनी ती तारीख लिहून पान मिटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. सांगलीचं कुटुंब आलं होतं, इलेक्ट्रिक गाडी घेऊन. पडवीत लावली आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला, एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता. आता गिझरला वेगळा सॉकेट काढून घेतलाय म्हणाले.